भेटीची वेळ चार ते सहा

नाशिकला आमच्या इंदिरानगरात मासे विकण्याचं एक ठिकाण होतं आणि तिथे सहसा मासे मिळत नसत. मासे नव्हते असं नाही. एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये लोखंडी मांडण्यांवर अकरा टाक्या होत्या आणि अकराही भरलेल्या होत्या. पण मालकीणबाईंनी गिऱ्हाइकाला पास केल्याशिवाय तिथून एक गप्पीसुद्धा बाहेर पडत नसे. पास होणारे फार थोडे.

बाई निवृत्त मेट्रन होत्या. उभी नोकरी एका मोठ्या रुग्णालयात गेली होती आणि ती त्यांच्या अंगातून निघाली नव्हती. कॉलनीत सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणत, पण ते पाठीमागे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने "काकू" म्हणालो.

"मी कुणाची काकू नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टर म्हणायचं. चपला बाहेर. हात तिकडे धुवायचे, कोपरापर्यंत."

मी हात धुतले. त्यांनी जवळ येऊन वास घेतला.

"दाढी करून काय लावलंय?"

मी सांगितलं.

"उद्या या. न लावता."

ही आमची पहिली भेट. दुसऱ्या दिवशी काही न लावता गेलो, तर साडेतीन वाजले होते. गॅरेजच्या काचेच्या दारावर पाटी होती: भेटीची वेळ चार ते सहा. आत सिस्टर मला दिसत होत्या, त्यांनाही मी दिसत होतो. अर्धा तास आम्ही एकमेकांना काचेतून पाहिलं. चार वाजता त्यांनी दार उघडलं आणि जणू मी आत्ताच आलो अशा आवाजात म्हणाल्या, "या."

सहाला पितळी घंटा वाजे. घंटा वाजली की उठायचं, मग बोलणं अर्धवट राहो की चहा. एकदा त्यांचे सख्खे भाऊ सटाण्याहून आले होते, बरोबर डाळिंबांची पेटी घेऊन. टाक्यांसमोर बसून घरच्या गोष्टी चालल्या होत्या, हातात कप होता. घंटा झाली. सिस्टरनी भावाच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाल्या, "चहा घरात पी. नातेवाइकांनी आता उठायचं." भाऊ माझ्याकडे पाहून अहिराणीत म्हणाले, "लहानपणापासून अशीच शे ही." आणि निमूट उठले.

मी तिथे का गेलो ते सांगतो. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची माशांची टाकी माझ्याकडे आली. दोनशे लिटरची, मिश्र. म्हणजे तिने आवडतील ते मासे आणून एकत्र सोडलेले: एंजल, टायगर बार्ब, टेट्रा, काय काय. मी अंबडला एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. दिवसभर आकडे पाहिल्यावर संध्याकाळी त्या टाकीसमोर बसायला मला आवडायला लागलं. मग कुठेतरी डिस्कस मासा पाहिला. ताटलीसारखा गोल, चपटा, आणि इतका संथ की त्याला कुठे जायचंय असं वाटतच नाही. माझ्या मनाने घेतलं की हे आपल्या टाकीत हवेत. ज्यांना विचारलं त्या प्रत्येकाने सांगितलं, नवशिक्याने त्या फंदात पडू नये, आणि इतर माशांबरोबर तर नाहीच. आणि शेवटी प्रत्येकाने हेही सांगितलं, की तरी पाहायचे असतील तर मेट्रनबाईंकडे जा.

त्यांच्याकडे डिस्कसच्या तीन टाक्या होत्या. या माशांच्या जातींना बाजारात मोठी झगमगीत नावं आहेत. एकाला तर कबुतराच्या रक्ताचं नाव आहे. सिस्टरना त्याचा संताप यायचा. "रक्ताचं नाव घेऊन पेशंट भरती करायचा नाही," म्हणायच्या. त्यांच्याकडे नुसते नंबर. टाकी म्हणजे खाट. खाट नंबर चार, खाट नंबर सात. नवीन आलेला मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत, तिला त्या आयसोलेशन म्हणत. मासा मेला असं कधी म्हणत नसत. "खाट रिकामी झाली" म्हणत आणि त्या दिवशी फार बोलत नसत.

खाट नंबर एकवर एक जोडी होती. तपकिरी अंग, त्यावर निळ्या लहरी, डोळे लाल. वयाने मोठे, माझ्या पसरलेल्या तळहाताहून मोठे. ही जोडी विकायची नव्हती. त्यांची पिल्लं सिस्टरनी वाढवलेली होती, आणि ती कशी वाढतात हे त्या प्रत्येक माणसाला सांगत, त्याने विचारलं नसलं तरी.

"यांना दूध नसतं. पण आईबापाच्या अंगावर एक चिकट थर येतो, तो पिल्लं खातात. अंगाला चिकटून. आई दमली की अशी झटकन वळते, आणि सगळी पिल्लं बापाकडे. ड्युटी बदलते. बाप दमला की परत आईकडे. तक्रार नाही, ओव्हरटाइम नाही. माझ्या वॉर्डात अशा दोन मुली मिळाल्या असत्या ना, तर मी काय केलं असतं!"

आणि मग त्या मनगट वळवत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची त्यांची पद्धत होती. एका माशाकडे बघत पूर्ण एक मिनिट त्याचे कल्ले किती वेळा हलतात ते मोजत. तोपर्यंत कुणी बोलायचं नाही. मिनिट झालं की आकडा सांगत, आणि आकडा नेहमीचा असला तर चेहरा जरा सैल पडे. मला वाटतं, मला त्या आवडायला लागल्या त्या यामुळे. इतर माणसं माशांकडे बघून "किती गोड" म्हणतात. या आकडा सांगत.

लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी मी बसलेलो असताना आला होता. नवीन बंगला बांधला होता, हॉलमध्ये भिंतीएवढी टाकी केली होती. बाहेर मोठी गाडी उभी.

"ताई, ते गोल मासे पाह्यजेत. लाल. आमचा सोफा लाल हाय, त्याला मॅच होतील असे."

"सिस्टर," सिस्टर म्हणाल्या.

"हां, सिस्टर. डझनभर द्या."

"पाणी कोण बदलणार?"

"माणूस हाय की."

"मग त्या माणसाला पाठवा. त्याला देते."

"अहो पण बंगला माझा हाय!"

"बंगल्याला मासे नकोयत ना? तुम्हाला हवेत ना? मग बाह्या वर करा."

माणूस हसरा होता, रागावला नाही. सिस्टरनी त्याला दहा गप्पी दिले आणि सांगितलं, महिनाभर यांचं पाणी स्वतःच्या हाताने बदला, मग या. तो पिशवी उचलून प्रकाशात धरून म्हणाला, "लय बारीक हायेत हो. सोफ्यावरून दिसायचे नाय." पण घेऊन गेला. नंतर तो दर महिन्याला येत राहिला, आणि डिस्कसचं नाव त्याने पुन्हा काढल्याचं मला आठवत नाही. गप्पींतच रमला.

मलाही तसेच दहा गप्पी मिळाले होते. जाताना सूचना. त्या लिहून देत नसत. तोंडी सांगत, आणि मग तुमच्याकडून म्हणून घेत, शाळेत पाढा घेतात तशा. चुकलात तर पहिल्यापासून.

महिन्याने गेलो. "कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"सात आहेत," मी म्हणालो. "तीन गेले. दोन का गेले ते कळलं नाही. एक माझ्यामुळे. घाई होती म्हणून नळाचं ताजं पाणी तसंच ओतलं."

सिस्टरनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बाकी सगळे सांगतात, मजेत आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाचाच कधी जात नाही. बस. चहा घेशील?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "तू" झालो, आणि नाव पडलं हिशेबनीस.

पण तू झालो म्हणजे डिस्कस मिळाले असं नाही. आधी राउंड. ज्यांना मासे दिले किंवा देण्याचा विचार आहे, त्यांच्या घरी सिस्टर आपल्या जुन्या स्कूटीवरून न सांगता जात. आमच्याकडे एका रविवारी सकाळी आल्या. मी मिसळीचा पहिला घास घेतला होता. बायकोने दार उघडलं आणि आत येऊन म्हणाली, "पांढऱ्या बुटातल्या एक बाई आल्यात आणि त्या आपलं बेसिन कुठेय विचारतायत."

हात धुऊन सिस्टर टाकीसमोर बसल्या. मी तयारीत होतो. वाचन केलं होतं.

"तापमान?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस."

"का?"

"टेट्राला चोवीस बरं असतं असं वाचलं. डिस्कसला तीस. दोघांना एकत्र ठेवायचं, म्हणून मधलं काढलं."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. मग बायकोकडे बघून म्हणाल्या, "बेटा, हे घरीही असंच करतात का?"

"असंच," बायको म्हणाली. तिने एवढ्या आनंदाने कुणाला उत्तर दिलेलं मी क्वचितच पाहिलंय. "मला पंखा पाचवर लागतो, यांना एकवर. आम्ही दोघंही तीनवर वैतागतो."

"ऐक हिशेबनीस. एका खाटेवर एकशे चार ताप. शेजारच्या खाटेवर अंग गार पडलंय, पंचाण्णव. मी सरासरी काढली, साडेनव्व्याण्णव. दोघांना डिस्चार्ज देऊ?"



"एकत्र राहायचं म्हणजे मधलं काढायचं नाही. ज्याला जास्त लागतं त्याचं ठरवायचं, आणि त्यात जो राहू शकतो त्यालाच ठेवायचं. बाकीच्यांची दुसरीकडे सोय करायची." मग काचेवर बोट न लावता एकेक दाखवत गेल्या. "हे पट्टेवाले बार्ब, गुंड. पंख कुरतडतील. जाऊ देत. हे एंजल, दुसऱ्याच्या ताटात हात घालणारे. डिस्कस जेवायला वेळ लावतो, तोवर हे संपवतील. जाऊ देत. ऊबेत राहतील असे टेट्रा ठेव. तळ चाळणारे ठेव, तेही ऊब सोसणारे. हीटर एकोणतीसवर."

पुढचे काही महिने मी तेच करत होतो. बार्ब, एंजल आणि उरलेले गप्पी ओळखीच्यांकडे गेले. मुलीने पुण्याहून फोन करून विचारलं, "बाबा, तुम्ही माझी टाकी रिकामी करताय का?" तिला सिस्टरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला या बाई पाहायच्यात."

पुढच्या राउंडला सिस्टरनी विचारलं, "आता कोण कोण आहे?" मी घडाघडा सांगितलं. लाल-निळे कार्डिनल टेट्रा चौदा, तळ चाळणारे सहा. एकूण वीस. त्यांनी मान हलवली. तरी डिस्कस दिले नाहीत. "नाशिकची थंडी एकदा जाऊ दे," म्हणाल्या. थंडी गेली. "लाइट जाते तेव्हा काय करतोस?" इन्व्हर्टर घेतला. मग दुसरं काहीतरी. बायको म्हणायची, मुलगी पाहायला आलेले लोकसुद्धा एवढं पाहत नाहीत.

मग सिस्टर पडल्या. पाणी बदलताना गॅरेजच्या ओल्या फरशीवर पांढरा बूट सटकला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुण्याहून त्यांची लेक आली. ती बँकेत आहे, समजूतदार, आणि आईसारखीच थोडक्यात बोलणारी. तिने ठरवूनच आणलं होतं: आईने आता एकटं राहायचं नाही, आपल्या घरी पुण्याला यायचं. ते बरोबरच होतं. उभं राहायला वॉकर लागत होता, आणि अकरा टाक्यांचं पाणी बादल्यांनी बदलावं लागतं.

सिस्टरनी वाद घातला नाही. खाटेवर पडून, आता खऱ्या खाटेवर, त्यांनी पास झालेल्या गिऱ्हाइकांत टाक्या वाटल्या. मला बोलावलं.

"खाट नंबर एक तुझ्याकडे," म्हणाल्या.

मी म्हणालो, "सिस्टर, ती जोडी? मी नवशिका आहे."

"माहीत आहे. ही ट्रान्सफर आहे, डिस्चार्ज नाही. ती दोघं तुझ्याकडे खायला लागली की मी पुण्याला जाईन. तोपर्यंत नाही. नाही खाल्लं तर परत आणायची आणि मी इथेच राहीन."

बाहेर आल्यावर लेकीने मला थांबवलं. "दादा, ती हे खरंच करेल," ती म्हणाली. "एकटी त्या गॅरेजमध्ये परत जाईल, वॉकर घेऊन. पुन्हा पडली तर डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगत नाही."

जोडी घरी आणली. सगळ्या सूचना पाठ म्हणून दाखवून आणली. पाणी त्यांच्या टाकीचं, ऊब त्यांच्या टाकीएवढी, दिवे मंद. दोघं टाकीत उतरली आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. रंग काळवंडला. पहिला दिवस असं होतंच, हे सिस्टरनी सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. निळ्या लहरी दिसेनाशा झाल्या. टेट्रा येऊन समोरचं खाणं खाऊन जात आणि ती दोघं बघतही नसत.

रोज संध्याकाळी फोन येई. एकच प्रश्न: "खाल्लं?"

"नाही, सिस्टर."

"श्वास?"

मी मोजलेला आकडा सांगे. तो वाढत होता.

"बरं," म्हणत आणि फोन ठेवत.

चार-पाच दिवसांनी सिस्टरच्या लेकीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती, बहुतेक बाल्कनीतून. "दादा, तिने आज गॅरेजची किल्ली मागितली. रात्री धड झोपत नाही. तुम्ही फक्त 'खाल्लं' म्हणा. एक शब्द. ती निघेल. पुढे काय झालं ते मी बघून घेईन."

मी म्हणालो, विचार करतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या जागी माझी आई असती तर मी म्हणाले असते."

मीही कदाचित म्हणालो असतो. मी काही हरिश्चंद्र नाही. नको त्या लग्नाला जायचं नसेल तर मला ताप येतो. पण मोजलेला आकडा बदलून सांगायचा म्हटलं की माझी जीभच वळत नाही. आणि या बाईंनी मला ती जोडी दिली होती तीच मुळी मी तीन गप्पी गेले असं खरं सांगितल्यामुळे.

संध्याकाळी फोन आला. "खाल्लं?"

"नाही, सिस्टर. आणि आज नराच्या अंगावर डाग दिसले."

फोनवरचा आवाज एकदम बदलला. पडलेल्या म्हाताऱ्या बाईचा राहिला नाही. "कसले डाग? नीट सांग."

"गोल. फिकट. रुपयापेक्षा लहान. डाव्या कुशीवर तीन, उजव्या कुशीवर एक."

"कापूस लागल्यासारखं काही?"

"नाही. खरचटल्यासारखं. तिथला चिकट थर गेल्यासारखा."

"हा आजार नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणीतरी करतंय. टाकीत कोण कोण आहे, परत सांग."

"टेट्रा चौदा. तळचे सहा. वीस. आणि ही दोघं, बावीस."

"टेट्रा असं करत नाहीत. काच कोण साफ करतं?"

"सकर मासा आहे ना," मी म्हणालो. "मुलीच्या वेळचा. लाकडामागे असतो."



"त्याला मोजलंस?"

"नाही. म्हणजे, तो सामानात आहे. फिल्टर, हीटर, दिवा, सकर. मुलीने आणला तेव्हा साफसफाईसाठीच..."

"अरे भाऊ!" सिस्टर ओरडल्या. माहेरची भाषा त्यांच्या तोंडून फक्त अशा वेळी निघे. "तो बी जीव शे!"

मग श्वास घेऊन हळू म्हणाल्या, "लहानपणी काच चाटतो. मोठा झाला की काचेवर भागत नाही त्याचं. डिस्कसच्या अंगावरचा थर गोड लागतो. अंधारात चिकटतो. यांना झोपच मिळत नसणार. उद्या उजाडायच्या आत, दिवा न लावता बघ."

पहाटे उठून बॅटरीवर रुमाल बांधला आणि पाहिलं. वीतभर लांबीचा तो सकर नराच्या कुशीला तोंड लावून लटकला होता, आणि नर त्याला ओढत, थकल्यासारखा, कोपऱ्यातून कोपऱ्यात जात होता. इतकी वर्षं मी ज्याला फिल्टरच्या ओळीत धरत होतो, त्याला मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तोही काही वाईट नव्हता. भुकेला होता.

त्याला बादलीत काढलं आणि सकाळी लासलगावच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो स्वतः गाडी घेऊन आला. बादलीत डोकावून म्हणाला, "अरे बापरे, हा तर लय मोठा हाय! सोफ्यावरून दिसंल." त्याच्या गप्पींना याचा काही त्रास नाही, हे मी आधी सिस्टरना विचारून घेतलं होतं. आणि रोज काकडी द्यायची, हे त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

संध्याकाळी फोन: "खाल्लं?"

"नाही. पण कोपऱ्यातून बाहेर आलीत. श्वास उतरलाय." आकडा सांगितला.

"बरं," त्या म्हणाल्या. या वेळचं "बरं" जरा लांब होतं.

लहरी परत दिसू लागल्या, आधी मादीच्या अंगावर, मग नराच्या. आणि एका दुपारी, सुट्टी होती म्हणून मी घरी होतो, नराने वरून उतरणारा एक दाणा तोंडात घेतला. थुंकला. परत घेतला, परत थुंकला. तिसऱ्यांदा गिळला. मादीने एक घेतला आणि थुंकून दिला. संध्याकाळपर्यंत थांबवेना, मीच फोन लावला.

"त्याने एक खाल्ला. तिने घेतला आणि टाकला. म्हणजे दोघांत मिळून..."

"सरासरी काढू नकोस!" सिस्टर म्हणाल्या. आणि मग हसल्या. त्यांना हसताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. मागून लेकीचा आवाज आला, "खाल्लं? आई, खाल्लं का?"

"एकाने," सिस्टर तिला म्हणाल्या. "दुसरीचं उद्या बघू."

दुसरीने त्यानंतर तिसऱ्या दिवशी खाल्लं. मग सामान बांधायला सुरुवात झाली.

पुण्याला निघायच्या दिवशी लेक त्यांना घेऊन आमच्याकडे आली. लिफ्टचा आवाज ऐकून मी दार उघडलं. सिस्टर वॉकर धरून उभ्या होत्या. पायात पांढरे बूट होतेच. मी "या, या" म्हणून बाजूला झालो. त्या उंबऱ्याशी थांबल्या.

"भेटीची वेळ काय ठेवलीस?"

मी म्हणालो, "चार ते सहा."

त्यांनी मनगट वळवून पाहिलं. चारला दहा मिनिटं होती. चपलांच्या स्टँडजवळ आमची एक प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर त्या हळूहळू बसल्या.

"आई, काय हे," लेक म्हणाली. "आत चल. आपल्याला निघायचंय."

"पेशंटचा आराम चाललाय. थांब."

बायकोने आणखी तीन खुर्च्या बाहेर आणल्या. आम्ही चौघं लिफ्टसमोर बसून राहिलो. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ उतरले, आमच्याकडे पाहिलं, आणि कुणाकडे दुःखद काही झालंय का असं खुणेनं विचारून गेले.

चार वाजता सिस्टर उठल्या. बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. टाकीसमोर मी खुर्ची ठेवली होती, तीत बसल्या. दोन्ही मासे पुढे आले आणि काचेशी थांबले. त्यांनी सिस्टरना ओळखलं असेल की नुसते पांढरे बूट पाहिले असतील, मला सांगता येणार नाही. सिस्टरनी काचेला हात लावला नाही. मनगट वळवलं आणि मोजायला लागल्या. आम्ही गप्प बसलो. आधी नर, मग मादी. दोन्ही वेळा आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला, माझ्याकडे न बघता, आणि मी मान हलवली, कारण सकाळी माझाही तोच आला होता.

त्यानंतर फार काही झालं नाही. त्या बघत बसल्या. चहा आला, घेतला. लेक मधून मधून फोनवर गाडीवाल्याशी बोलत होती. संगमनेरच्या पुढे घाटात ट्रॅफिक आहे का, असं काहीतरी. मी एकदा खाणं टाकलं, दोघांनी खाल्लं, सिस्टरनी दाणे मोजले.

आमच्याकडे घंटा नाही. सहा वाजलेले माझ्या लक्षातही आले नव्हते. सिस्टरनी वॉकर पुढे ओढला.

"बस ना गं अजून थोडा वेळ," लेक म्हणाली. आता तिलाच घाई राहिली नव्हती. मीही म्हणालो, "सिस्टर, बसा. इथे कोण उठवणार आहे तुम्हाला?"

"छे," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी जोर लावून उभ्या राहिल्या. "नातेवाइकांनी आता उठायचं."